तुम्ही विचारलंत म्हणून: मीमवरून बातमी कळली तर बिघडलं कुठे?

विशी-पंचविशीतली मुलं-मुली हे वरचेवर विचारतात. बिघडलं काहीच नाही. काहीतरी घडलंय, एवढं मीम बहुतेक वेळा बरोबरच सांगतं. नेमकं काय घडलंय, ते तुम्हाला ठाऊकच आहे असं मात्र ते धरून चालतं. गोची तिथे आहे. विनोद कळायला जी गोष्ट खरी मानावी लागते, ती हसता हसता गळी उतरते. पुढे विनोद विसरतो, तो दावा डोक्यात राहतो.

म्हणून विनोद बाजूला काढून उरलेला दावा साध्या वाक्यात लिहा: कोणी, काय, कधी. असं वाक्य होतच नसेल तर ते नुसतं मत आहे. हसा आणि पुढे जा. वाक्य झालंच, तर ते स्वतःच्या शब्दांत शोधा. मीमचेच शब्द टाकलेत की त्याच मीमच्या प्रती समोर येतात आणि ‘सगळीकडे हेच आहे’ असं वाटायला लागतं.

पैसे, औषध, मतदान किंवा कुणाची अब्रू, यांपैकी काही गुंतलेलं असेल तरच एवढा खटाटोप करा. मांजराच्या प्रत्येक मीमची चौकशी कशाला?

फोटो असेल तर मजकुराची पट्टी कापून नुसतं चित्र गूगल लेन्समध्ये किंवा टिनआयवर टाका; दोन्हीकडे चित्रावरून शोध घेता येतो. अक्षरांमुळे शोध भरकटतो. टिनआयवर ‘सर्वांत जुनं आधी’ असा क्रम लावता येतो. काहीच सापडलं नाही, तर डावं-उजवं उलटवून पुन्हा बघा. पुराच्या पाण्यात, रस्त्यावर पोहणारा शार्क २०११ च्या आयरीन चक्रीवादळात पसरला आणि पुढच्या कित्येक वादळांत पुन्हा उगवला. मूळ शार्क छायाचित्रकार थॉमस पेशाक यांच्या फोटोतला, दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात कयाकमागे (छोट्या वल्ह्याच्या होडीमागे) जाणारा. तोच कापून रस्त्यावर चिकटवलेला.

पोस्टचा स्क्रीनशॉट हा पुरावाच धरू नका. ब्राउझरच्या ‘इन्स्पेक्ट’मध्ये, म्हणजे पानाचा कोड दाखवणाऱ्या सोयीत, पानावरचा मजकूर मिनिटभरात बदलता येतो आणि फॉन्ट खराच राहतो, त्यामुळे अक्षरं न्याहाळून उपयोग नाही. व्यंगबातमीचंही तसंच: संकेतस्थळाचं नाव कापलं की ती खरी बातमी म्हणून फिरते. मूळ खात्यावर जाऊन बघा. ‘पोस्ट डिलीट केली’ असं कोणी म्हणालं, तर वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या संकेतस्थळावर त्या पानाची जुनी प्रत आहे का ते शोधा. तिथे नाही म्हणजे पोस्ट खोटीच, असं नव्हे. प्रत्येक पानाची प्रत तिथे ठेवली जात नाही.