लिफ्टपाशी तांदूळ निवडणाऱ्या काकू

कोथरूडमधल्या त्या फ्लॅटचं इंटिरियर मी केलं होतं, त्याचे फोटो मी अजूनही नव्या गिऱ्हाइकांना दाखवते. स्वयंपाकघर फोटोत फार देखणं येतं: काळाभोर पॉलिश केलेला ग्रॅनाइटचा ओटा, राखाडी लॅमिनेटची शटरं आणि सिलिंगमधून पडणारे मधाळ पिवळ्या उजेडाचे चार झोत. घर ताब्यात देऊन चार महिने झाले असतील, तेव्हा तिथल्या काकूंच्या मुलाचा फोन आला. "मॅडम, एकदा येऊन जाल का? आईचं जरा काहीतरी सुरू आहे."

मला वाटलं, एखादं शटर घासत असेल.

शनिवारी सकाळी दहाला गेले. चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तर समोरच काकू. प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसलेल्या, मांडीवर स्टीलचं ताट, ताटात तांदूळ. लिफ्टशेजारच्या खिडकीतला उजेड तिरका ताटात पडत होता आणि त्या बोटाने दाणे सरकवत खडे वेचत होत्या.

"अहो काकू, इथे का बसलात?"

"घरात दिसत नाही गं," त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. आज पाणी आलं नाही, असं सांगावं तसं सांगितलं. त्या घरावर किती खर्च झाला होता ते मला नेमकं माहीत होतं, कारण बिलं मीच बनवली होती.

आत गेले. सगळे दिवे लावले. मला तर सगळं दिसत होतं. माझं वय अडतीस, काकूंचं चौऱ्याहत्तर. वयाबरोबर बाहुली लहान होत जाते, डोळ्यातलं भिंग पिवळट आणि जाड होतं आणि साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या पोराच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, हे मी शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं. या घराचा लायटिंग प्लॅन काढताना मात्र डोक्यात होता तो फक्त मुलाने मोबाइलवर पाठवलेला हॉटेलच्या लॉबीचा फोटो.

पर्समधून लक्स मीटर काढला, म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो ते मोजायचं यंत्र. हौसेने घेतलेला, पण खरं सांगायचं तर वर्षातून दोनदा बाहेर निघतो. ओट्यावर ठेवला, ७२ लक्स. "काकू, तुम्ही रोज उभ्या राहता तशा उभ्या राहा बरं." त्या राहिल्या. ३१. लिफ्टपाशी, त्यांच्या ताटात, ६४०. कापाकापीच्या जागी आम्ही तीनशे ते पाचशे धरतो.

मला आधी हिशेबच लागेना. सिलिंगमधले ६ वॉटचे चार सीओबी, म्हणजे एका ठिपक्यातून झोत टाकणारे एलईडी दिवे. प्रत्येकी साधारण ५०० ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप), म्हणजे २०००. याच जागेवरच्या जुन्या इमारतीत, रीडेव्हलपमेंटच्या आधी, काकूंच्या स्वयंपाकघरात एकच चार फुटी ३६ वॉटची ट्यूब होती. ती नवी असताना २४०० च्या आसपास देते. म्हणजे फार फरक नाही. पण ती ट्यूब कुठे होती? "ओट्याच्या वर, भिंतीला. माझ्या समोर," काकू म्हणाल्या आणि हाताने आडवी रेघ मारून दाखवली.

आता दिवे पाठीमागून होते. सिलिंगवर झोत एका ओळीत छान दिसावेत म्हणून मी ते खोलीच्या मधोमध घेतले होते. काकू ओट्यापाशी उभ्या राहिल्या की त्यांचीच सावली विळीवर. ट्यूब लांबलचक, त्यामुळे तिची सावली मऊ पडते आणि हाताखालचंही दिसतं. सीओबीचा ठिपका एवढासा, त्याची सावली कापून काढल्यासारखी. त्यात जुनी भिंत चुन्याची पांढरी, पडलेला उजेड परत फेकणारी. माझं काळं ग्रॅनाइट आणि राखाडी लॅमिनेट तो गिळून बसतात. इमारतीतल्या कुठल्याशा वायरमनने चाळीस वर्षांपूर्वी एक खिळा ठोकून ट्यूब लावली, ती माझ्या ड्रॉइंगपेक्षा बरोबर होती.

आमच्या वायरमन मामांना फोन केला. ते अकराला आले, ओट्याकडे पाहिलं आणि नेमकं ते वाक्य बोलले. "ताई, तेव्हाच म्हणत होतो, कपाटाखाली एक पॉइंट काढून ठेवू." म्हणाले होते खरे. वायर दिसेल म्हणून मीच नको म्हटलं होतं.

मामांच्या पिशवीत तीन पट्ट्या होत्या: ३०००, ४००० आणि ६५०० केल्विनच्या. बाजारच्या भाषेत वॉर्म, नॅचरल आणि डेलाइट. काकू आयुष्यभर ट्यूबखाली राबलेल्या, त्या पांढराशुभ्र ६५०० च मागणार, अशी माझी खात्री होती. आम्ही एकेक पट्टी वरच्या कपाटाखाली सेलोटेपने चिकटवली आणि खाली तेच तांदळाचं ताट ठेवलं. पिवळ्यात तांदूळ बघून त्या म्हणाल्या, "हा जुना तांदूळ वाटतोय." ६५०० खाली तांदूळ झकास दिसला. मग त्यांनी स्वतःहून फ्रिजमधून टोमॅटो आणि मिसळणाचा डबा काढला. टोमॅटो मळकट विटकरी झाला, तिखटाचा रंग गेला. एलईडीत मुळात निळा उजेड असतो, त्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप देऊन तो पांढरा करतात. त्यामुळे स्वस्त पट्टीत लाल रंग मार खातो. मी हे समजावून सांगायच्या बेतात होते, तेवढ्यात काकूंनी डबा मिटला. "हा नको. फोडणी जळली तरी कळायची नाही." त्यांनी ४००० ची घेतली. सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) हा शब्द न उच्चारता इतकी चांगली परीक्षा मी शोरूममध्येही पाहिलेली नाही.

पण ती पट्टी भिंतीलगत लावली तर नवंच संकट. पॉलिश ग्रॅनाइटमध्ये एकेक एलईडी उमटला, मोत्यांच्या माळेसारखा, आणि काकूंनी डोळ्यांवर हात धरला. मग मामा ॲल्युमिनियमचं ४५ अंशांचं कोपऱ्याचं प्रोफाइल आणि दुधी झाकण घेऊन आले. ते कपाटाच्या पुढच्या कडेला, पेल्मेटच्या, म्हणजे दिवा झाकणाऱ्या आडव्या पट्टीच्या, आड बसवलं, तोंड भिंतीकडे. ठिपके गेले, उजेड टाइल्सवर आपटून ओट्यावर पसरला. पट्टीला वीज पुरवणारा ड्रायव्हरचा डबा कपाटाच्या वर, हवा लागेल असा. जोडणी चिमणीच्या पॉइंटवरून. वायर एका बाजूने वीतभर दिसतेच. तेवढा भाग मी आता फोटोत घेत नाही.

मीटर पुन्हा ठेवला. काकू समोर उभ्या असताना, ४१०.

त्यांनी ओट्यावरून हात फिरवला, मग वाकून टाइल्स पाहिल्या. "अगं बाई, केवढं तेल उडालंय! चार महिने आम्ही यात जेवतोय?" सूनबाई दारात उभी होती. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू ते तेल मीच उडवलं.

निघता निघता काकूंनी हळूच आपल्या खोलीत बोलावलं. "तो दिवा बिघडलाय. मुलाला नाही सांगितलं, उगाच खर्चात पडायचा." बिघडला म्हणजे काय, तर बंद करून लगेच लावला की रंग बदलतो. तो थ्री-इन-वन होता, बटण झटपट बंद-चालू केलं की पिवळा, पांढरा, मधला. हे वैशिष्ट्य मी मुलाला कौतुकाने दाखवलं होतं. काकूंना कोणीच सांगितलं नव्हतं. आणखी बिघडू नये म्हणून गेले चार महिने त्या तो रात्रभर चालूच ठेवत होत्या आणि डोळ्यांवर पदर घेऊन झोपत होत्या. मामांनी तो काढून साधा एकरंगी पॅनेल लावला. बाथरूमच्या वाटेवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर, सेन्सरचा छोटा पिवळा दिवा बसवला, कडाप्प्याचा काळा उंबरा रात्री दिसावा म्हणून. त्या दिव्याचे पैसे मी लावले नाहीत. पट्टीचे लावले. त्यात मामांची दिवसभराची मजुरी होती.

त्यानंतर पंधरा दिवसांनी पेल्मेटचा एक स्क्रू बदलायला परत गेले. लिफ्टचं दार उघडलं तर स्टूल तिथेच, काकू तिथेच, मांडीवर ताट. माझ्या पोटात गोळाच आला.

"काकू, अजून दिसत नाही?"

"दिसतं की, लख्ख दिसतं," त्या म्हणाल्या. "पण या वेळेला समोरच्या वहिनी देवळातून येतात ना. बस, तुलाही स्टूल आणू का?"