शेरूच्या केसांची रेघ

तापलेल्या मातीच्या भांड्यावर केस जाळून रेघा उमटवतात, हे मला शेरू गेल्यावर शोधाशोध करताना कळलं. मुळात हे काम घोड्याच्या शेपटीच्या केसांनी करतात. ते राठ असतात, त्यामुळे रेघ ठळक येते. शेरू माझा कुत्रा; केस लांब, पण मऊ. त्याची रक्षा ठेवायला त्याच्याच केसांच्या रेघांचं भांडं करून घ्यायचं ठरवलं.

भांडं करणाऱ्या बाईंनी आधीच बजावलं, "आकार, उंची, झाकण तुम्ही ठरवा. रेघा कशा येतील ते माझ्याही हातात नाही. भट्टीबाहेर काढताना भांडं तडकू शकतं, म्हणून सगळे केस एकदम वापरायला देऊ नका." एवढं रोखठोक बोलणाऱ्याकडेच काम द्यावं, असं मला वाटलं.

केस निवडायला वेळ गेला. अंगावरचा पिंजलेल्या कापसासारखा लव काही कामाचा नाही, नुसता डाग पडतो. शेपटीचे आणि पायांमागच्या झालरीचे केस वेगळे काढले, शाम्पूने धुतले, कडक वाळवले, एका दिशेने लावून दोऱ्याने बांधले. घोड्याचे केस मिसळले तर नक्षी उठून दिसेल, असं बाईंनी सुचवलं आणि एका तुकड्यावर करूनही दाखवलं. दिसत होतं सुरेखच. पण मग त्यात शेरू कुठला? फिकट तर फिकट, पण त्याचेच केस हवेत, असं मी सांगितलं.

भांडं घडवून, मातीच्या अगदी बारीक निवळीचा हात देऊन घोटून गुळगुळीत केलं होतं आणि एकदा भाजलेलंही होतं. ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, दिला नाही; त्याने पृष्ठभाग बंद होतो आणि काजळी मातीत शिरत नाही. मग पुन्हा ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून, लांब चिमट्याने बाहेर काढून विटेवर ठेवलं.

इथून पुढे सगळी घाई. भांडं फार गरम असेल तर केस भुर्रकन जळतो, खूण राहत नाही. निवलं असेल तर अर्धवट वितळून चिकटतो. बाईंनी आधी एकच केस सोडला. टेकताक्षणी तो वळवळला, आक्रसला आणि मागे बारीक काळी रेघ राहिली, कडेने धुरकट छटा. "आता द्या," म्हणाल्या. मी जुडीतून केस काढून देत होतो आणि त्या खांद्यापासून बुडाकडे सोडत होत्या. वास भयंकर, कपड्यांतून लवकर जात नाही, जुनेच घालून जा. शेरू जिथे पडून असायचा त्या झाडाचं वाळलेलं पानही टेकवलं. पानाचा आकार नाही, नुसती धुरकट सावली आली. पिसाची नक्षी म्हणे छान येते, पण शेरूचा आणि पिसांचा संबंध कावळ्यांमागे धावण्यापुरता. फेरिक क्लोराइड या लोखंडाच्या क्षाराने तांबूस रंग येतो, तोही नको म्हटलं. वाफा घातक, आणि त्या रंगात आमच्या फिकट रेघा बुडाल्या असत्या.

भांडं निवल्यावर राख पुसून मेण घासलं. एवढं करूनही त्यात पाणी टिकत नाही, माती सच्छिद्रच राहते. म्हणून रक्षा घट्ट बांधलेल्या पिशवीत घालून आत ठेवली आहे. खाण्यापिण्यासाठी ते अर्थातच नाही. ऑर्डर देणार असाल तर भांडं तडकल्यास दुसऱ्याचे पैसे कोण भरणार, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विचारा, आणि उत्तर लिहून घ्या.