थार देऊन हायबोनेट घेतली: कन्नड, अंतूर, पितळखोरा

तीन दिवसांत 228 किलोमीटर झाले आणि 36 लिटर पेट्रोल लागलं. म्हणजे लिटरला साधारण सव्वासहा. हिशोब आधीच सांगून टाकतो, कारण जुन्या जीपचं नाव काढलं की पहिला प्रश्न हाच येतो.

चार वर्षं माझ्याकडे नवी थार होती. गाडी उत्तम, तिच्याबद्दल एक शब्दही वाईट नाही. पण साडूभाऊंच्या मळ्यात लिंबाखाली 1967 ची हायबोनेट जीप उभी होती आणि प्रत्येक भेटीत माझा पाय तिकडेच वळायचा. शेवटी त्यांनीच विषय काढला. थार त्यांना दिली, जीप मी घेतली आणि वरच्या रकमेचं दोन घरांत बसून ठरवलं. साडूभाऊंची अट एकच होती, विकायची वेळ आली तर आधी त्यांना सांगायचं.

महिंद्रांनी 1947 पासून आपल्याकडे विलीज जीप जोडायला सुरुवात केली. सीजे-3बी हे मॉडेल अमेरिकेत 1953 मध्ये आलं. त्याच्या हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व, म्हणजे पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या झडपा, वर इंजिनाच्या माथ्यात गेले, इंजिन उंच झालं, म्हणून बोनेट उंच करावं लागलं. आपल्याकडे तिला हायबोनेट म्हणतात ते त्यामुळे.

कागदाचं एक सांगतो, कारण यात लोक फसतात. पन्नास वर्षांवरच्या गाडीची 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. ती केली की गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर येते. फिरायचं असेल तर जुनी साधी नोंदणीच ठेवा आणि पासिंग दर पाच वर्षांनी करून घ्या. आरसीवरचा इंजिन नंबर प्रत्यक्ष इंजिनाशी जुळतो का, ते पैसे देण्याआधी स्वतः खाली वाकून बघा. पुष्कळ जीपमध्ये मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेलं असतं आणि कागदावर त्याचा पत्ता नसतो.

ऑक्टोबरात निघालो. सोबत धाकटा भाऊ. छत्रपती संभाजीनगरहून कन्नड साठेक किलोमीटर. थारमध्ये गप्पा सुरू होईपर्यंत वेरूळ मागे पडायचं. जीपचा सुखाचा वेग 45, त्यावर गेलं की स्टेअरिंगमधला ढिलेपणा खांद्यापर्यंत जाणवतो.

दौलताबादचा घाट चढताना ट्रकच्या मागे अडकलो, बाराचं ऊन होतं, आणि कागजीपुऱ्याच्या अलीकडे इंजिन गुदमरून बंद पडलं. बिघाड कसलाच नव्हता. उन्हानं नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली की पंपाला ओढायला द्रव उरत नाही. पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर, मिस्त्री ज्याला एसी पंप म्हणतात त्यावर, ओलं फडकं गुंडाळलं, वीस मिनिटं सावलीत बसलो, पहिल्या सेल्फला सुरू झाली. चूक माझी होती. पेट्रोलची नळी मी एक्झॉस्टच्या फार जवळून नेली होती. तुम्ही जाल तेव्हा घाट सकाळी आठच्या आत चढून घ्या. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं, त्यामुळे निघण्याआधी रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा नवा घाला. टाकी चालकाच्या सीटखाली असते, तिथली गळती चालवून घेऊ नका.

खुलदाबाद, वेरूळ न थांबता ओलांडलं. कन्नडला मुक्काम केला आणि टाकी तिथेच भरून घेतली. पुढच्या वाटांवर पेट्रोलच्या भरवशावर राहू नये.

दुसरा दिवस अंतूर किल्ल्याचा. नागापूरपर्यंत रस्ता बरा, नंतर कच्चा. मक्याची कणसं काढून रस्त्याकडेला टाकलेली, मध्ये मध्ये आल्याची हिरवी शेतं. एका वळणावर बैलगाडीवाले बाबा थांबले, जीपभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “कुठं चालले भाऊ? पुढं वगळीत पाणी हाये. बैलं बसू राहिले काल.”

ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. थारमध्ये असतो तर विचार न करता घातली असती. इथे उतरून आधी काठीनं तळ चाचपला, फॅनचा पट्टा ढिला केला म्हणजे पंखा पाणी उडवणार नाही, प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. जीपला ट्रान्सफर केसचे, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचे, दोन दांडे असतात. एकानं पुढची चाकं जोडायची, मग दुसऱ्यानं लो, म्हणजे मंद पण जास्त ताकदीचा गिअर. पुढचं जोडल्याशिवाय लो पडतच नाही. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी सोय, नाही, म्हणून उभ्या गाडीतच तो टाकायचा आणि पलीकडे पोचेपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. गाडी चालत्या बैलासारखी एका चालीनं पाण्यातून गेली. भाऊ पलीकडे उभा होता, त्याला तिथून हाक मारताना माझा आवाज कापत होता. चार वर्षांत गाडी चालवताना असं कधी झालं नव्हतं.

पाण्यानंतर चारही ड्रम भिजतात आणि ब्रेक लागतच नाही. पायडलवर हलका पाय ठेवून शंभर-दोनशे मीटर चालवा, ते तापून सुकतात. मगच उताराला लागा.

काळ्या मातीत मला भीती होती, पण तिथे जीप सरस ठरली. माझ्या थारचे टायर 255 मिलिमीटर रुंद होते, ते ओल्या रेगुरावर तरंगत आणि घसरत. जीपचे सहा इंची टायर वरचा चिखल कापून खालच्या मुरमाला भिडतात. अर्थात मुरूम जवळ असेल तरच. खोल काळ्या रानात कोणतीच गाडी घालू नका. मडगार्डमध्ये माती भरून चाक जाम होतं, त्यासाठी एक खुरपं जवळ ठेवा. आमच्या सगळ्या अवजारांत सर्वांत जास्त वापरलं गेलं ते तेच.

गडाच्या वाटेवर एक जुना चौकोनी मैलाचा दगड आहे, त्यावर फारसीत कोणती वाट कुठे जाते ते कोरलंय. निजामशाहीतला. त्यात दौलताबादचंही नाव आहे. आम्ही सकाळपासून ज्या गतीनं येत होतो, ती घोड्याच्या गतीच्या फार पुढे नव्हती, त्यामुळे तो दगड आमच्यासाठीच ठेवल्यासारखा वाटला. पुढे कातळात खोदलेला खंदक, ओळीनं दरवाजे आणि वर तलाव. दोन तास हाताशी ठेवा, पाणी सोबत न्या.

अंधाराआधी कन्नडला परत या. डायनामो मंद फिरताना चार्ज करत नाही आणि दिव्यांचा उजेड पिवळट, खड्डा दिसेपर्यंत चाक त्यात गेलेलं असतं.

तिसऱ्या दिवशी पितळखोरा. लेणी गौताळा अभयारण्याच्या हद्दीत येतात, तेव्हा नाक्यावर नोंद करा आणि डांबरी सोडून गाडी कुठेही आत घालू नका. पायऱ्या उतरून दरीत गेलं की ओढ्याकाठी इसवीसनापूर्वीची लेणी आणि दगडी हत्तींची रांग. इथल्या लेखांत पैठणच्या गंधिकाचं, म्हणजे अत्तरवाल्याचं, दान कोरलेलं आहे. पैठणहून माल घेऊन सातमाळा उतरणारे व्यापारी याच बाजूनं जात असणार.

परतीला पहाटे सहाला निघालो, घाटात एकदाही बंद पडली नाही. सुटे सामान म्हणून ठिणगीसाठी लागणारे सीबी पॉइंट आणि कंडेन्सर, फॅनचा पट्टा आणि वायर नेली होती, त्यातलं फक्त कंडेन्सर लागलं. आता स्टेअरिंगचे किंगपिन, म्हणजे पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खुंट्या, बदलायला दिलेत. ते झाले की पितळखोऱ्याहून पैठणपर्यंत जायचंय, हमरस्ता टाळून.