आत्याची कुंची आणि आमची ओली भिंत

आजोबांचा फोटो मी भर जुलै महिन्यात फ्रेम करून घेतला, आणि त्या एका घाईची भरपाई मला आजतागायत करता आलेली नाही. आजी गेल्यानंतर तिची लाकडी पेटी उघडली तेव्हा त्यात हा फोटो, वाटणीचे एक मोडी खत आणि माझ्या आत्याच्या बारशाला शिवलेली जरीकाठाची रेशमी कुंची अशा तीन वस्तू एकाच धुवट पंच्यात गुंडाळलेल्या सापडल्या. वर्षश्राद्धापूर्वी निदान फोटो तरी भिंतीवर लागावा, या हट्टापायी मी तो तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात दिला आणि चार दिवसांनी सोनेरी पट्टीची चकचकीत फ्रेम घेऊन घरी आले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर आजोबांच्या कपाळावर आणि डाव्या खांद्यावर ओलसर, चमकदार डाग दिसू लागले. काच पुसून ते जाईनात, कारण डाग काचेवर नव्हतेच. फोटोच काचेला चिकटला होता.

असे का होते, हे मी नंतर वाचून समजून घेतले. जुन्या कृष्णधवल फोटोतील प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची असते आणि ते कण जिलेटिनच्या पातळ थरात बसवलेले असतात. दमट हवेत जिलेटिन फुगते, मऊ होते आणि समोर गुळगुळीत काच टेकलेली असली की तिला घट्ट धरून बसते. फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंटच्या (फोटोभोवती बसवायच्या खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याच्या) जाडीएवढी, म्हणजे दीड ते तीन मिलिमीटर जागा सोडली असती, तरी हे टळले असते. चिकटलेला फोटो ओढून काढू नये, कारण काचेबरोबर प्रतिमेचा थरच निघून येतो. मी तो काचेसह स्कॅन करून घेतला आणि मूळ फोटो तसाच आडवा ठेवला आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचे केंद्र आहे. तशा जाणत्या हातांखेरीज त्याला कोणी स्पर्श करू नये, असे मी घरात सर्वांना बजावले आहे.

दुसरी चूक ऋतूची होती. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोकण किनाऱ्यावर सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मीठ डब्यात पाझरते, आगपेटीची काडी ओढली जात नाही. कागद, पुठ्ठा आणि लाकूड हे तिन्ही पदार्थ हवेतील ओलावा शोषून घेणारे. ते पावसाळ्यात एकत्र बंद केले, की आतला दमटपणा आपण स्वतःच्या हाताने कोंडून ठेवतो. म्हणून आमच्याकडे फ्रेमचे काम मार्गशीर्ष ते फाल्गुन एवढ्याच काळात करावे, या मताला मी आले आहे. दुकानदाराला त्याचे काही वाटत नाही. तो पट्टीचा भाव फुटावर सांगतो, आपणही नक्षी निवडण्यात गुंततो, आणि पाठीमागे काय लावणार हे विचारायचे दोघांच्याही मनात येत नाही. वास्तविक पाठीमागचाच भाग वस्तूला तारतो किंवा मारतो. हार्डबोर्ड आणि स्वस्त पुठ्ठा यांतून हळूहळू आम्ल सुटते आणि कागद तपकिरी व ठिसूळ होतो. जुन्या फ्रेमा उघडल्यावर माउंटच्या खिडकीच्या कडेने जी करपलेली रेघ दिसते, ती याचीच खूण असते.

मोडी खत मात्र मी फ्रेम केले नाही. चार घड्यांत ठेवलेला तो कागद घड्यांवर विरला आहे, आणि उजेडाने झालेली हानी भरून येत नाही. ती दिवसागणिक साठत जाते. ओटीवर येणाऱ्या पाहुण्यांपैकी मोडी वाचणारे कोणीही नाही. तेव्हा त्यांना दाखवण्यासाठी मूळ कागद झिजवण्याचे कारण मला दिसेना. उत्तम प्रतीची रंगीत प्रत काढून ती भिंतीवर लावली, खाली बाळबोध लिप्यंतर दिले, आणि मूळ खत आम्लरहित कागदाच्या लिफाफ्यात आडवे ठेवले. माझ्या एका चुलतभावाने त्याच्या वाट्याच्या खताला प्रेमाने लॅमिनेशन करून घेतले आहे. तापवून चिकटवलेले ते प्लास्टिक आता कागदाला धक्का न लावता निघणे जवळजवळ अशक्य आहे, पण हे त्याला सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.

कुंचीचे काम वेगळे होते, कारण कुंची ही पाहण्याचीच वस्तू आहे. टोपीसारखा डोक्याचा भाग, पाठीवर सोडलेला झोळ, कडेने जर आणि गळ्याशी दोन बंद. ती घडी घालून ठेवली तर रेशीम घडीवर चिरते, आणि सपाट दाबली तर तिचा आकारच हरवतो. दुकानात सुचवलेली लाल मखमल मी नाकारली, कारण दमट हवेत मखमलीचा रंग सुटण्याची भीती असते. थर्माकोलवर टाचण्या टोचण्याचा विचार तर मनातही आणला नाही. लोखंडी टाचणी आमच्या हवेत एका पावसात गंजते आणि गंजाचा डाग रेशमावरून कधीही जात नाही.

मी साधा मांजरपाट आणला आणि त्याची खळ पूर्ण जाईपर्यंत तो गरम पाण्यात तीन वेळा धुतला. खळीवर कसर येते, हे आपल्याकडच्या कोणाही बाईला सांगावे लागत नाही. मुंबईहून मागवलेल्या आम्लरहित बोर्डावर हा मांजरपाट ताणून बसवला आणि कुंची त्यावर रेशमाच्या एकेरी धाग्याने, जिथे शिवण आधीच होती तिथेच, लांब आणि सैल टाके घालून तोलून धरली. गोंदाचा थेंबही वापरला नाही. डोक्याच्या भागात मऊ, धुतलेल्या कापडाची हलकी गुंडाळी भरली, म्हणजे तिला गोलाई राहते आणि कुठेही धारदार घडी पडत नाही. असे बोर्ड घेताना एक भेद लक्षात ठेवावा लागतो: कागदासाठी जे बोर्ड मिळतात, त्यांत पुष्कळदा आम्ल मारण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेले असते. कागदाला ते हितकारक आहे, पण रेशीम आणि लोकर यांना नको. त्यांच्यासाठी तसे काही न मिसळलेला सुती बोर्ड मागावा.

कुंचीची जर काळवंडली आहे. जुन्या जरीत चांदीची तार असते आणि हवेतील गंधकाने चांदी काळी पडते. ती चिंचेने किंवा रांगोळीने उजळण्याचा सल्ला मला निदान पाच जणींनी दिला. चांदीच्या समईला ते चालेल, पण रेशमात गुंफलेल्या तारेला आणि खालच्या धाग्याला चालणार नाही, म्हणून जर काळी तशीच ठेवली.

फ्रेम गावातल्या सुताराने केली, जुन्या सागवानी दाराच्या फळीतून. आंब्याचे लाकूड स्वस्त पडले असते, पण त्याला किडा फार लवकर लागतो. खोली अडीच इंच ठेवली, म्हणजे कुंचीचा उंच भागही काचेला टेकत नाही. अतिनील किरण अडवणारी काच मागवली. ती साध्या काचेच्या कित्येक पट महाग असते आणि तिने अतिनील किरण अडले, तरी दिसणाऱ्या उजेडाने रंग उडतच राहतो, हे ध्यानात ठेवून मगच पैसे खर्च करावेत. सुताराशी माझा वाद झाला तो पाठीवरून. त्याला पाठ खिळ्यांनी ठोकून वर टेप मारायची होती. मी सहा पितळी स्क्रूंचा हट्ट धरला. पुन्हा उघडता न येणाऱ्या फ्रेमने आजोबांचे काय केले, हे त्याला सांगितल्यावर तो गप्प झाला आणि भोके नीट मोजून पाडून दिली.

जागा ठरवताना आत्याचा सल्ला कामी आला. माझा विचार देवघराशेजारच्या भिंतीचा होता. "अगो, तिथे समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर. चार वर्षांत कुंचीचे पोतेरे होईल," असे ती म्हणाली, आणि ते खरेच होते. पश्चिमेची भिंत पाऊस झोडपतो, तिथला चिरा आश्विनापर्यंत ओला असतो. शेवटी ओटी आणि माजघर यांच्यामधली आतली भिंत निवडली. तिच्या दोन्ही बाजूंना घर आहे आणि ऊन तिच्यावर कधीच पडत नाही. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बाटलीच्या बुचांचे काप चिकटवले आहेत, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामधून वारा खेळतो आणि वाळवीने माती चढवायला घेतली, तर ती वेळेत दिसते. वाळवी आमच्या जोत्यातून वर येते. फ्रेम भिंतीला चिकटून असली, की तिला आडोसा मिळतो.

एवढे करूनही मृग लागण्यापूर्वी मी कुंची उतरवते. आगोटीच्या कामांत कोकमे, पापड आणि सुकी मासळी यांच्याबरोबर आता हे एक काम वाढले आहे. फ्रेम धुतलेल्या चादरीत गुंडाळून वरच्या कपाटात आडवी जाते, शेजारी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पिशवी असते, आणि तिच्या दाण्यांचा रंग बदलला, की ते ओव्हनमध्ये तापवून कोरडे करून परत ठेवायचे असतात. पूर्वी आजी वेखंडाचे तुकडे ठेवीत असे; तेही मी ठेवते, पण कपाटात, फ्रेमच्या आत नाही. दिवाळीच्या साफसफाईत फ्रेम पुन्हा भिंतीवर येते. पाठीवर एक कागद लावून त्यावर कुंची कोणाची, कोणी शिवली, कोणत्या महिन्यात बंद केली आणि उघडायची कशी, हे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.

या मार्गशीर्षात आत्याच्या पणतीचे बारसे आहे. गेल्या आठवड्यात आत्याचा फोन आला होता. "एक दिवस काढून देशील का? घालायची नाही, नुसती बाळाच्या डोक्याला टेकवायची," असे तिने विचारले. स्क्रू सहाच आहेत, परंतु टाके चाळीसच्या वर आहेत आणि कानाजवळचे रेशीम फार विरले आहे. फाल्गुनात मला फ्रेम तपासण्यासाठी उघडायचीच आहे, बारसे तोवर पुढे ढकलता येईल का, असे तिला कसे विचारावे, याचा मी दोन दिवस विचार करते आहे.