तुम्ही विचारलंत म्हणून: रंग झाला, मग इंजिन सुरू कधी?

आम्ही काही हौशी मंडळी एक जुनं वाफेचं रेल्वे इंजिन दुरुस्त करतोय. ते बघायला येणारा प्रत्येक जण हेच विचारतो, अहो हे तर चकाचक दिसतंय, मग सुरू कधी करताय? आमच्यातलं कुणीतरी "लवकरच" म्हणतं. गेली कित्येक वर्षं म्हणतंय.

खरं सांगू का, रंग सगळ्यात सोपा, तो आधी उरकला कारण गंजलेल्या लोखंडाला देणगी कोण देणार. अडलंय ते बॉयलरच्या, म्हणजे पाण्याची वाफ होते त्या टाकीच्या, पोटात. आत ट्यूबची रांगच्या रांग, ट्यूबमधून फायरबॉक्सचा (आग पेटते ती पेटी) गरम धूर जातो आणि भोवती पाणी. जुन्या ट्यूबवर क्षारांचा इतका जाड थर बसलेला की त्या ज्या भोकातून आत गेल्या त्यातून बाहेरच येईनात, शेवटी कापूनच काढल्या, त्यात एक अख्खा हिवाळा गेला. मग स्टे, म्हणजे फायरबॉक्सची भिंत आणि बाहेरचा पत्रा एकमेकांना धरून ठेवणारे बोल्ट. एकेक हातोडीने वाजवायचा, माठ वाजवून बघतात तसा. धड असेल तर खणकन वाजतो, आतून तुटला असेल तर बद्द. आठवडाभर नोकरी करून सुट्टीच्या दिवशी आडवं पडून हे ऐकत बसायचं (हौस, दुसरं काय).

मग प्रेशर टेस्ट. ती आधी थंड पाण्याने करतात, चालवायच्या प्रेशरच्या साधारण दीडपट. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे काही फुटलंच तर जरा पाणी सांडतं, गेजचा काटा खाली येतो, बास. चालू बॉयलरमधलं पाणी मात्र शंभर डिग्रीच्या कितीतरी वर असतं, फक्त प्रेशरमुळे पाणी म्हणून थांबलेलं, ते मोकळं झालं की क्षणात उकळी फुटते आणि वाफ झालेल्या पाण्याला सुमारे १६०० पट जागा लागते. तिथे घाई कोण करणार?

वेल्समधल्या बॅरीच्या भंगार यार्डातून १९६८ ते १९९० मध्ये हौशी लोकांनी २१३ इंजिनं सोडवली, त्यातली काही अजून चालू झालेली नाहीत, त्यामानाने आम्ही बरे.

परवाच्या टेस्टला सगळे टॉर्च घेऊन वाकून बघत होतो आणि एका ट्यूबच्या तोंडाशी थेंब दिसला. पुसला. परत आला. तर सध्या त्या ट्यूबपाशी आहोत.