बी बाजूची शेवटची नऊ मिनिटं

आईनं आकाशवाणीवरचे सकाळचे अभंग साठ मिनिटांच्या एका कॅसेटवर टेप करून ठेवले होते. चुकून पुसले जाऊ नयेत म्हणून वरच्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन्ही चौकोनही मोडून टाकलेले. १९९७ साली मी त्या खाचांवर चिकटपट्टी लावली आणि मावसभावाच्या सीडीवरून आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडचा ‘पॉवरस्लेव्ह’ अल्बम त्यावर उतरवून घेतला. नवी कॅसेट आणता आली असती. पण रविवार होता, दुकान बंद होतं आणि सीडी संध्याकाळी परत द्यायची होती.

पहिली सहा गाणी ए बाजूला जेमतेम मावली. बी बाजूला दोनच. आधी सात मिनिटांचं शीर्षकगीत, मग कोलरिजच्या कवितेवरचं, म्हाताऱ्या खलाशाचं साडेतेरा मिनिटांचं गाणं. त्याच्या मध्यावर वाद्यं अगदी मंदावतात आणि जहाजाची लाकडं करकरत राहतात. अंधारात ऐकलं तर आमची खाटही हलल्यासारखी वाटायची. गाणं संपलं की ‘खट्’, आणि लगेच तुकोबा, अर्ध्या शब्दापासून. शेवटची नऊ मिनिटं आईचीच राहिली होती.

दोन दिवसांत तिला कळलंच.

“हा माणूस एवढा ओरडतोय कशासाठी?”

“अगं, खलाशी आहे. त्यानं उगाच एक पक्षी मारला, त्याचा शाप लागलाय.”

“मग ओरडणारच,” म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

पुढे वेड वाढतच गेलं. बँडचा स्टीव्ह हॅरिस पिक न घेता नुसत्या बोटांनी बास गिटार वाजवतो. घोडा दौडत यावा तसा तो ठेका मी डोंबिवली लोकलच्या दांडीवर वाजवत असे आणि शेजारचे काका पेपरमागून बघत असत. गायक ब्रूस डिकिन्सन १९९३ मध्ये बँड सोडून गेला, १९९९ मध्ये परत आला. त्याच्याविना निघालेले दोन अल्बम मी निष्ठेनं ऐकले. प्रेमानं नाही, खोटं कशाला बोलू!

१ फेब्रुवारी २००८ला ते मुंबईत आले, वांद्रे-कुर्ला संकुलात. बँडचं बोइंग ७५७ चालवायला कॉकपिटमध्ये डिकिन्सन स्वतः. आपल्याकडे गायक घसा बसेल म्हणून दही खात नाहीत! मी स्टेजपासून बराच मागे, पुढच्याच्या खांद्यावरून दिसेल तेवढं बघत होतो. खलाशाचं गाणं सुरू झालं, जहाज करकरलं, आणि हजारो माणसं चक्क गप्प झाली.

गाणं संपलं. लगेच ‘पॉवरस्लेव्ह’ सुरू. पठ्ठ्यांनी क्रमच उलटा केला होता! सगळं मैदान उसळलं आणि मी क्षणभर नुसता उभा. शेजारच्यानं कोपर मारून विचारलं, “काय झालं रे?”

त्याला काय सांगणार, इथं टाळ वाजायला हवे होते म्हणून?