मोमेंट म्हणजे क्षण नव्हे

दहावीपर्यंत मराठी माध्यम, विज्ञानात कायम नव्वदच्या वर. त्यामुळे २०२२ मध्ये अकरावी सायन्स घेताना घरात कुणालाच शंका आली नाही. मला आली ती दिवाळीनंतर, क्लासच्या टेस्टमध्ये फिजिक्सच्या रोटेशनवर (फिरणाऱ्या वस्तूंचा धडा) साठपैकी सात मिळाले तेव्हा. सर पेपर हातात ठेवत म्हणाले, "मॉड्यूल सोडव, सगळं त्यात आहे." मॉड्यूल म्हणजे क्लासची सरावाची पुस्तिका. ती सुटत असती तर सात कशाला मिळाले असते?

मग साहित्य जमवायचा सपाटा लावला. आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो. तिथल्या शेजारच्या ताईने जेईईची जुनी पुस्तकं पोत्यात भरून दिली. टेलिग्रामवरून एवढ्या पीडीएफ उतरवल्या की फोन भरला. जागा करायला आईच्या वाढदिवसाचे व्हिडिओ उडवले, त्याची बोलणी अजून खाते. यूट्यूबवर एकेका धड्याचे आठ-आठ तासांचे 'वन शॉट' बघितले. बघताना सगळं कळायचं, बंद केलं की वही कोरी.

बालभारतीच्या अकरावीच्या पुस्तकात तर हा धडाच सापडेना. इथे एक गोम आहे, ती मला कुणी आधी सांगितली नव्हती. आमचा क्लास एनसीईआरटीच्या क्रमाने चालायचा आणि तिथे रोटेशन अकरावीला. आपल्या बोर्डात मात्र तो बारावीच्या पुस्तकातला पहिला धडा. टॉर्क (वस्तू फिरवणारा जोर) आणि सेंटर ऑफ मास (वस्तुमानाचा मध्य) तेवढे अकरावीत 'लॉज ऑफ मोशन'मध्ये उरकलेले. ई-बालभारतीवर बारावीचं पुस्तक फुकट मिळालं, एनसीईआरटीचंही त्यांच्या साइटवर. पोतं पलंगाखाली गेलं.

तरी 'मोमेंट ऑफ इनर्शिया' काही डोक्यात शिरेना. सांगायला लाज वाटते, पण मी मोमेंट म्हणजे क्षण धरून बसले होते. जडत्वाचा क्षण! वस्तू फिरायला लागते तो क्षण असणार, अशी समजूत करून घेतलेली. त्याचं सूत्र, एमआर स्क्वेअर (वस्तुमान गुणिले अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग), पाठ होतं, त्यात वेळ कुठेच नाही हे मात्र कधी खटकलं नाही.

हे उलगडलं सार्वजनिक वाचनालयात. १८४० सालापासूनचं आमचं 'सावाना'. घरी टीव्ही चालू असायचा म्हणून खरं तर नुसती बसायला जायचे. सहज मराठी विश्वकोश उघडला, तर तिथे शब्द होता 'निरूढी परिबल'. निरूढी माझ्या डोक्यावरून गेलं. पण परिबल! परिघातला, परिक्रमेतला 'परि', म्हणजे भोवती. अक्षाभोवतीचं काहीतरी आहे, घड्याळाशी त्याचा संबंध नाही. विश्वकोश ऑनलाइनही फुकट वाचता येतो, हे नंतर कळलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते अंबडच्या एमआयडीसीत पॉवर प्रेसवर आहेत. म्हणाले, "मग आमचं फ्लायव्हील बघ ना. वजन सगळं कडेला. मोटर बंद केली तरी फिरतच राहतं." वजन अक्षापासून जितकं लांब, तितकं फिरणं सुरू करणं आणि थांबवणं अवघड. आर स्क्वेअर मला त्या वाक्यात दिसला.

त्याच संध्याकाळी पाटाच्या एका बाजूला ती जाड पुस्तकं लावून उतार केला. (पोत्याचा तेवढा उपयोग झाला.) गोटी, टॉर्चचा सेल आणि आईची एक ग्रॅमची पाटली एकदम सोडली. गोटी आणि सेल जवळजवळ बरोबर पोचले, पाटली स्पष्ट मागे. मग पाटलीशेजारी बाबांचं जाड स्टीलचं कडं सोडलं. वजन दुपटीहून जास्त, तरी दोन्ही एकदम खाली. वजन किती आहे यापेक्षा ते कुठे आहे याला महत्त्व. पुस्तकात घरंगळतानाचा प्रवेग गोटीला ५/७, सेलसारख्या भरीव दंडगोलाला २/३ आणि कड्याला १/२ लिहिलेलं होतं, जी साइन थीटाच्या (घर्षणाशिवाय नुसतं घसरतानाच्या प्रवेगाच्या) पटीत. हेच आकडे मी महिनाभर घोकत होते.

यानंतर गणितं सुटू लागली, सगळी नाही. फोनवर 'फेट' (PhET) या साइटची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावरचे प्रयोग, वापरली, काही मराठीतही आहेत. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या साइटवरचे ऑलिंपियाडचे जुने पेपर उत्तरांसह मिळतात. त्यातला एकेक प्रश्न दोन-दोन दिवस पुरायचा. पुढच्या टेस्टला चौतीस आले.

एकदा बाबांनी विचारलं, "मोटर बंद केल्यावर फ्लायव्हील किती फेऱ्या मारेल, सांगता येईल?" मिनिटाला १२० फेऱ्या आणि थांबायला ३० सेकंद, असं त्यांनी सांगितलं. वेग सारखा कमी होतो असं धरून मी ३० फेऱ्या काढल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हीलवर खडूची खूण करून मोजल्या. भरल्या सव्वीस. उरलेल्या चार कुठे गेल्या, यावर रात्री जेवताना आमची चांगलीच जुंपली.